अर्ध्या रुंदीचे आठ दिवस

काम काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, जमीन किती हलली ते मोजतो. समोरचा हसायचा आणि विचारायचा, भूकंपाच्या खात्यात का? तसं नाही. भूकंप मोजायला मोठी माणसं आणि मोठी यंत्रं असतात. आम्ही माणसांनी केलेले हादरे मोजायचो. कुठे रस्त्यासाठी डोंगर फोडायचा असतो, कुठे खाणीत सुरुंग लागतात, आणि जवळच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. तडा सुरुंगानं गेला की भिंतच मुळात कच्ची होती, यावर भांडण पेटतं. अशा वेळी दोन्ही बाजूंचा नसलेला तिसरा माणूस म्हणून आम्हाला बोलावत. लोणावळ्यात बाजारामागच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. एक साहेब, एक टंकलेखक आणि यंत्र घेऊन फिरणारा मी, एवढाच पसारा.

यंत्र परदेशी बनावटीचं होतं, प्रवासाच्या पत्र्याच्या पेटीएवढं. त्याला लांब तारेनं एक जड डबा जोडलेला असायचा. तो डबा घराच्या उंबऱ्याशी जमिनीत घट्ट बसवायचा. जमीन हलली की डब्यातलं वेटोळं हले, ते तारेतून यंत्राला कळे आणि यंत्रातला काटा डावीकडे-उजवीकडे फिरे. काट्याचं टोक बॅटरीच्या विजेवर तापलेलं असे. त्याच्या खालून कागदाची पट्टी सरकायची. कागद मूळचा काळा, वर पांढऱ्या मेणाचा पातळ थर. तापलेलं टोक जिथून फिरेल तिथलं मेण वितळे आणि खालचा काळा रंग उघडा पडे. शाई नाही, दौत नाही. सुरुंग उडाला की दोन-तीन सेकंदांत काळ्या रेषांची झाडी उगवायची आणि पुन्हा रेघ सरळ व्हायची. कागदावर बारीक चौकोन छापलेले असत. रेषा किती चौकोन गेली ते मोजायचं. खेड्यातली माणसं मला 'काटेवाला' म्हणत.

या यंत्राला एक कळ होती आणि मी आज जे सांगणार आहे ते सगळं त्या कळीभोवतीच आहे. काट्यानं किती रुंद झेप घ्यायची, ते त्या कळीवर ठरे. तिला तीन घरं होती, पूर्ण, अर्धी आणि पाव. पूर्णवर जो हादरा दहा चौकोन दिसतो, तोच अर्धीवर पाच दिसतो. हादरा तोच, जमीन तीच, घर तेच. मग अर्धीवर घ्यायचीच कशाला? तर मोठ्या हादऱ्याला काटा कडेवर आपटून वाकतो आणि नवा काटा जहाजानं यायला सहा महिने लागत.

म्हणजे नुसत्या कागदावरच्या उंचीला काहीच अर्थ नव्हता. रुंदी कुठे लावली होती, हे ठाऊक असलं तरच ती उंची बोलायची. त्यासाठी एक नियम होता. कळ फिरवली किंवा नवा रोल घातला की यंत्रावरचं तपासणीचं बटण दाबायचं. त्यानं काट्याला ठरावीक झटका बसे. पूर्णवर तो बरोबर दहा चौकोन जायचा. ते डोळ्यांनी बघायचं आणि मग कागदाच्या सुरुवातीला रुंदी लिहायची. मेणावर पेन्सिल चालत नाही, म्हणून आम्ही नखानं लिहायचो. नखानं मेण खरवडलं की काळं अक्षर उमटे. त्यासाठी मी करंगळीचं नख वाढवलं होतं. बायको म्हणायची, "सतारीचा क्लास लावलाय का?"

आधी बटण, मग नख. हा क्रम साहेबांनी मला पहिल्या दिवशी शिकवला होता.

या कामात गमतीही पुष्कळ झाल्या. भुशीच्या वाटेवर एका शेठजींचा बंगला होता. त्यांची तक्रार अशी की खाणवाल्यांच्या सुरुंगांनी बंगला दिवसभर हादरतो, काचेची भांडी फुटतात, त्यांना दावा लावायचाय. मी दोन दिवस यंत्र मांडून बसलो. खाणीत सुरुंग दुपारी उडायचे, तेव्हा काटा जेमतेम चौकोनभर हलला. पण सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला मात्र कागद काळा व्हायचा. शेवटी माळ्याला विचारलं. तो म्हणाला, "ती वानरं जी. भाईरच्या पत्र्यावर उड्या मारत्यात." शेठजींनी कागद पुन्हा पुन्हा पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "वानरांवर दावा लागतो का हो?"

एकदा एका कंत्राटदाराच्या मुनिमानं चहाचा गरम कप माझ्या कागदावर ठेवला. सुरेख काळं वर्तुळ उमटलं. दुसऱ्या बाजूच्या वकिलांनी ते धरून ठेवलं, "हा एवढा गोल स्फोट कुठला?" मी म्हणालो, "हा चहाचा." सगळे हसले. माझ्या कागदावर सगळ्यांचा विश्वास होता, म्हणून हसता आलं.

त्या विश्वासाचं मी काय केलं, ते आता सांगतो.

त्याला तेरा वर्षं झाली. कुरवंड्याच्या वरच्या अंगाला एका कंत्राटदारानं रस्त्यासाठी डोंगर कापायला घेतला होता. खाली पंधरा-वीस घरांची वाडी होती. वाडीच्या लोकांनी तक्रार केली आणि कंत्राटदाराला अट घातली गेली की वाडीतल्या सगळ्यांत वरच्या घरापाशी हादरा बारा चौकोनांच्या वर जाता कामा नये. ते घर पारूमावशीचं होतं. मावशी साठीची, एकटी, तिखट जिभेची. तिच्या उंबऱ्याशी मी डबा बसवला तेव्हा म्हणाली, "रं, ह्यो डबा माजी भिंत धरून ठिवनार हाय का?" मी म्हणालो, "नाही मावशी, फक्त बघणार." ती म्हणाली, "मंग माज्यासारकंच हाय की त्याचं."

सुरुंग लावणारे होते सखारामभाऊ, औंढ्याचे. तेव्हा चाळिशी उलटलेली, अंगानं सडपातळ, बोलणं कमी. पहिल्यांदा ते पहारीनं भोकं पाडणारे मजूर होते. मग त्या भोकांत स्फोटक दारूच्या कांड्या भरायला शिकले, प्रौढवर्गात अक्षरं शिकले, कचेरीत तोंडी परीक्षा दिली आणि सुरुंग उडवण्याचा सरकारी परवाना मिळवला. त्यांच्या वस्तीत सरकारी शिक्क्याचं असं कागदपत्र नावावर असलेला तो पहिला माणूस. परवाना ते पत्र्याच्या नळीत गुंडाळून बरोबर बाळगत. आम्ही कधी पाहायला मागितला तर आधी हात धोतराला पुसत आणि मग नळी उघडत.

काम रोज दुपारी एकला. शिट्टी वाजे, लाल निशाण वर जाई, सगळे लांब सरत. स्फोट झाला, धूळ बसली की सखारामभाऊ चालत माझ्यापाशी येत.

"काय म्हनतोय कागुद, काटेवाले?"

"नऊ चौकोन. बारापर्यंत चालतं."

"मंग उद्या चाळीसच कांड्या. वाढवत न्हाई."

माझ्या आकड्यावर ते दुसऱ्या दिवसाची दारू ठरवत. वहीत तारीख, भोकं, कांड्या असं सावकाश, जोडून जोडून लिहीत. दोन आठवडे असं उत्तम चाललं होतं.

मग एक दिवस मोठा कातळ फोडायचा होता. काट्याला जपायचं म्हणून मी कळ अर्धीवर घेतली, बटण दाबलं, पाच चौकोन आले, नखानं 'अर्धी' लिहिलं. सगळं नियमानं झालं. दुसऱ्या दिवशी कळ परत पूर्णवर आणायची होती. नेमका त्याच वेळी रोल संपला आणि शिट्टी वाजायला लागली.

इथे यंत्राची एक खोड सांगायला हवी. त्याच्या झाकणाची खिट्टी फक्त कळ पूर्णवर असतानाच सुटायची. बनवणाऱ्यानं मुद्दाम तशी सोय केली होती, म्हणजे रोल बदलला की रुंदी आपोआप पूर्णवर आलेलीच असे. माझ्या हाताला तेच वळण होतं. नवा रोल म्हणजे पूर्ण. पण त्या यंत्राची खिट्टी वर्षानुवर्षं घासून ढिली झाली होती. त्या दिवशी घाईत ओढल्यावर झाकण कळ न फिरवताच उघडलं. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी रोल घातला, झाकण लावलं, नखानं 'पूर्ण' असं लिहिलं, आणि बटण दाबायच्या आत सुरुंग उडाला.

साडेचार चौकोन.

सखारामभाऊ आले, कागद पाहिला. "निम्म्यावं कसं आलं?"

"मुरूम लागला असेल मध्ये."

"खडक त्योच हाय. माज्या पायाला तर रोजच्यावानीच लागलं."

"पायावर अहवाल लिहिता येत नाही, सखारामभाऊ."

ते हसले. मीही हसलो. रोल तोच पुढे चालत राहिला. त्याच्या तोंडाशी माझ्याच हातचं 'पूर्ण' होतं, त्यामुळे बटण पुन्हा दाबायचं मला कारणच वाटलं नाही. कापणी दिवसेंदिवस वाडीकडे सरकत होती. पाच झाले, सहा झाले, सात झाले. मधे एकदा ते म्हणाले, "घरं जवळ आली. धा कांड्या कमी करू का?" मी म्हणालो, "कशाला? कागद सहा म्हणतोय. कामाचा उगाच खोळंबा." त्यांनी माझं ऐकलं. कागद कमी म्हणतोय म्हणून त्यांनी दारू वाढवली नाही, आणि मी नको म्हणालो म्हणून कमीही केली नाही. रोज चाळीस.

आठव्या दिवशी स्फोट झाल्यावर पारूमावशीनं मला घरातून हाक मारली.

"ए काटेवाल्या, हिकडं ये जरा."

आत मधोमध जमिनीवर परात होती, पाण्यानं भरलेली. भोवतीचं सारवण ओलं झालं होतं.

"तुमी आलासा तवापास्नं म्या रोज दुपारी हितं पानी ठेवती. आधी नुसतं थरथरायचं. आता बग, काठावरनं भाईर पडतंय. आनि तू म्हनतुस हादरा कमी झालाय. तुजा काटा आंधळा झालाय का बग."

"मावशी, परात हलकी असते."

"परात तीच हाय रं बाबा. पितळंची हाय, माज्या लग्नातली."

मी बाहेर आलो. यंत्रापाशी बसलो. काट्याचं टोक थंड झालं होतं, कागदावर खूण उमटणार नव्हती; तसंच बटण दाबलं. काटा पाच चौकोन गेला. पुन्हा दाबलं. पाच. झाकणाच्या कडेनं कळ पाहिली. ती अर्धीच्या घरात होती.

आठ दिवसांचे सगळे आकडे निम्मे होते. ज्याला मी सात म्हणत होतो, ते खरे चौदा होते. हद्द बाराची होती.

त्या क्षणी सखारामभाऊ पन्नास पावलांवर वही लिहीत बसले होते. मी उठून गेलो असतो आणि एवढंच म्हणालो असतो की कळ चुकली, उद्या कमी भरा, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी कळ पूर्णवर फिरवली, बटण दाबलं, दहा चौकोन पाहिले, नखानं 'पूर्ण' लिहिलं, आणि गप्प राहिलो. माझी नोकरी कायम व्हायची होती. तो कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी मनाशी म्हटलं, उद्याचा आकडा येऊ दे, मग साहेबांना नीट समजावून सांगू. दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या आधी सखारामभाऊंना नुसतं "कमी भरा" म्हणण्याचंही मला धाडस झालं नाही. का, असं त्यांनी विचारलं असतं.

त्या दिवशी साहेब न कळवता आले. मावशीनं कोणाकडून तरी तक्रार लिहवून पाठवली होती. ते माझ्या शेजारी उभे असताना सुरुंग उडाला. पंधरा चौकोन.

साहेबांनी सगळ्या पट्ट्या मागितल्या. झाडाच्या सावलीत घोंगडीवर त्या ओळीनं मांडल्या आणि वर सखारामभाऊंची वही ठेवली. साहेब हुशार होते. त्यांनी बोट फिरवत फिरवत जे वाचलं ते मला आजही पाठ आहे. इथवर नऊ, दहा. या तारखेपासून एकदम साडेचार. मग पाच, सहा, सात. आज पंधरा. आणि वहीत सगळे दिवस कांड्या चाळीस.

"सखाराम, आज किती भरल्या?"

"चाळीस, सायेब."

"आणि काल?"

"चाळीस. वहीत हाय."

"वहीत आहे ते दिसतंय. भोकात किती होत्या ते विचारतोय. चाळीसला आज पंधरा चौकोन येतात, तर काल सात कसे आले? आठ दिवस निम्मी दारू भरलीत. आज मी आलो म्हणून पुरी भरलीत. उरलेल्या कांड्या कुठे गेल्या?"

धरणाच्या पाण्यात कांडी फोडून मासे मारणारे लोक तेव्हा या भागात होते. कंत्राटदाराचा देखरेख करणारा माणूस तिथेच उभा होता. तो म्हणाला, "भुशीला मासं कुनाच्या कांडीनं मरत्यात, त्ये आता समजलं म्हना की." मजुरांत कोणीतरी हसलं.

हिशेब बिनतोड होता. तो मीच तयार केला होता.

सखारामभाऊ रागावले नाहीत. गोंधळल्यासारखे पट्ट्यांकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले. "काटेवाले, तुमी रोज हितंच व्हता. सांगा की."

मी म्हणालो, "मी यंत्रापाशी असतो. भरताना मला दिसत नाही."

हे वाक्य खरं होतं. त्यातलं एकही अक्षर खोटं काढता येणार नाही. इतकं नीचपणाचं दुसरं काही मी आयुष्यात बोललेलो नाही.

त्यांनी नळी उघडून परवाना स्वतःच्या हातानं काढून दिला. चौकशी होईपर्यंत, असं त्यांना सांगितलं होतं. पुराव्याला कांड्या सापडल्या नाहीत, त्यामुळे पोलिसांपर्यंत गेलं नाही. परवाना मात्र शेऱ्यासकट वरच्या कचेरीत गेला आणि परत आला नाही.

नऊ दिवसांनी मी साहेबांना सांगितलं. दार लावून सांगितलं. त्यांनी मला ओरडावं असं मला वाटत होतं. त्यांनी अहवालाची नक्कल काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "त्याच वेळी बोलला असतात तर गोष्ट वेगळी होती. अहवाल गेला. आता हे बाहेर आलं तर आठ दिवसांच्याच नव्हे, आपल्या आजवरच्या सगळ्या कागदांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. ती खिट्टी बदलून घ्या." मी मान हलवली. त्यांचा निर्णय झाला, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, असं वाटून मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज मला चुकीपेक्षाही जास्त वाटते. महिन्याभरात मी कायम झालो.

कुरवंड्याला नवा माणूस आला, निम्म्या कांड्या भरू लागला, परातीतलं पाणी सांडायचं थांबलं. मावशीच्या मागच्या भिंतीला कंत्राटदारानं टेकू दिला. शेवटच्या दिवशी मी डबा उकरून काढत होतो तेव्हा तिनं नाचणीची भाकरी आणि करवंदाचं लोणचं फडक्यात बांधून दिलं. "तू व्हतास म्हनून माजं घर ऱ्हायलं. त्यो मेला चोर निगाला म्हनं. गरीब दिसायचा." मी फडकं घेतलं. घाट उतरताना ती भाकरी मी खाल्ली, हेही सांगून टाकतो.

बारा वर्षं मी बटण दाबत आलो. दिवसातून वीसदा दाबत असेन. नवीन साहेब चेष्टा करत, तुमचं बटण झिजेल हो. जुने साहेब मधे वारले, तो कंत्राटदार कामधंदा गुंडाळून निघून गेला. लोणावळ्याच्या बाजारात एकदोनदा सखारामभाऊ लांबून दिसले, रस्त्याच्या कडेला खडी फोडताना. मी गल्ली बदलली.

मग गेल्या साली हॉटेलात चहा पिताना एका खाणवाल्याला मी विचारलं, सुरुंगाला भरवशाचा माणूस कोण आहे हल्ली? तो म्हणाला, "औंढ्याला एक होता. हात असा की मोजून दगड पाडायचा. पण कांड्या विकायचा राव. सगळ्यांना ठाऊक आहे." माझ्यासमोर बसून, मला ओळखत नसताना, तो माझं खोटं मलाच सांगत होता, आणि त्याच्या दृष्टीनं ती सगळ्या मावळाला माहीत असलेली गोष्ट होती. चहा तसाच ठेवून मी उठलो. दुसऱ्या दिवशी औंढ्याला गेलो.

सखारामभाऊ ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. केस पांढरे झालेले. मला त्यांनी लगेच ओळखलं. "या काटेवाले," म्हणाले आणि आत हाक मारली, "पानी आन गं." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली खिळ्याला ती पत्र्याची नळी टांगलेली. रिकामी असणार. मी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. खिट्टी, कळ, नख, परात, ते वाक्य. ते धार लावायचे थांबले नाहीत. त्यांच्या पत्नी तानाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

माझं संपल्यावर सखारामभाऊ म्हणाले, "कागुद चुकतोय ह्ये मला तवाच ठावं व्हतं. माजा पाय खोटं कशाला बोलंल? पन पायाचं कोन ऐकतंय? म्हनून तुमाला इचारलं."

"माझी चूक झाली, सखारामभाऊ. आठ दिवस कळ..."

"आट दिवस?" तानाबाई दारातून म्हणाल्या. "आट दिवस कळीची चूक. मान्य. यंत्राला कळत न्हाई. बारा वर्सं कुनाची? पोरीला सोयरिक आली ती ह्याच्यावरनं मोडली. वस्तीत कुनाचं काय हरवलं की लोक आदी ह्यांच्याकडं बगत्यात. आनि तुमी आज येतासा व्हय?"

सखारामभाऊ तिला गप्प बस म्हणाले नाहीत. तिचं बोलून होईपर्यंत थांबले.

"मला सांगून काय उपेग?" ते मग म्हणाले. "म्या चोर न्हाई ह्ये मला म्हाईत हाय. ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यास्नी सांगा. रविवारी वंदनेला समदी जमत्यात. तितं सांगा."

रविवारी विहारात गेलो. चाळीस-पन्नास माणसं सतरंजीवर बसली होती. वंदना झाल्यावर सखारामभाऊंनी नुसती मान हलवली आणि मी उभा राहिलो. यंत्र कसं चालतं तिथपासून सुरुवात केली, कारण त्याशिवाय समजलं नसतं. मधे एका म्हाताऱ्यानं टोकलं, "म्हंजे सखारामनं रोज चाळीसच भरल्या?" मी म्हणालो, "रोज चाळीस." तो म्हणाला, "मोठ्यानं सांगा. मागं ऐकू जात न्हाई." मी मोठ्यानं सांगितलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी पाठही थोपटली नाही. एकेक जण उठून बाहेर पडला. तो म्हातारा मात्र जाताना सखारामभाऊंसमोर थांबला आणि त्यांच्या खांद्याला हात लावून गेला.

मला वाटलं, झालं. सखारामभाऊ म्हणाले, "आता लिवून द्या. परवान्याच्या कचेरीला."

"परवाना आता... तुम्ही पुन्हा सुरुंग लावणार?"

"न्हाई. गुडघं गेलं. पन त्याच्यावर जो शेरा मारलाय त्यो पुसून पायजे."

मी तिथेच बसून लिहून दिलं, सही केली. माझ्या ऑफिसलाही कळवलं. त्यांनी मला यंत्रावरून काढून कागदपत्रांच्या कामावर घेतलं. ते योग्यच केलं.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही दोघं एस.टी.नं पुण्याला जातो. जुनी फाइल सापडत नाही, मग सापडते पण साहेब रजेवर असतात, मग अर्ज नव्या नमुन्यात हवा असतो. बसमध्ये सखारामभाऊ खिडकीशी बसतात, मी कडेला. तानाबाई त्यांना भाकरी बांधून देतात. ती ते मला देत नाहीत, आणि मीही मागत नाही. मागच्या खेपेला मात्र मिरची तेवढी पुढे केली.

त्याच खेपेला खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला. सखारामभाऊंकडे बघून म्हणाला, "अर्जदार तुम्ही." मग माझ्याकडे बोट केलं. "हे तुमचे कोण? नातेवाईक?"

सखारामभाऊच बोलले.

"न्हाई. ह्यांची चूक झालती. ती सांगाया आलेत."

कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बाजूच्या दारातून एक खुर्ची बाहेर सरकवली आणि म्हणाला, "बसा. सावकाश सांगा."